एका यंत्राचे अनेक धनी

मंडळी, मागच्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. सातबाराचा उतारा हवा होता, म्हणून चुलतभावाबरोबर मी तालुक्याच्या गावी एका केंद्रावर गेलो होतो. दहा-बारा माणसे आमच्या आधीच बाकावर बसलेली. एक गुरुजी शाळेतल्या मुलांची माहिती भरायला आले होते. भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि त्यांचे सारे लक्ष घड्याळाकडे लागले होते. खिडकीतल्या मुलाने मान वर न करता सांगितले, "सर्व्हर डाऊन आहे." सगळे गप्प. तेवढ्यात कोपऱ्यातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "हा सर्व्हर कोण हो? माणूस हाय का यंत्र? माणूस असंल तर उठवा की त्याला कुणीतरी!" सगळे हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न घरी येईपर्यंत मला सोडीना.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाच्या पोटातले मला कळत नाही, असे आजवर मी थोडेसे अभिमानानेच सांगत आलो. पण त्या बाबांपायी काही पुस्तके चाळली, कॉलेजातल्या संगणक विभागाच्या तरुण सहकाऱ्यांना भरपूर छळले, आणि ध्यानात आले की ही गोष्ट तारांची आहे त्याहून अधिक माणसांची आहे. वस्तू एक, तिचे धनी अनेक, आणि त्या धन्यांची आपसात ओळखही नाही. अशा वेळी ती भांडणाशिवाय वापरायची कशी? सामाईक विहिरीवरून, पाटाच्या पाण्यावरून हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. संगणकाच्या जगात तो शिरला त्याला साठ वर्षे होऊन गेली.

आधी बाबांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकू. सर्व्हर म्हणजे यंत्रच. इंग्रजीत 'सर्व्ह' करणे म्हणजे वाढणे. तेव्हा पंगतीतला वाढपी म्हणा ना. मोबाइलवर किंवा केंद्रावरच्या संगणकावर आपण जे मागतो, ते दूर कुठेतरी थंड खोलीत उभ्या असलेल्या अशा यंत्राकडे जाते, आणि ते एकाच वेळी हजारोंना उत्तरे देत असते. पण नुसते यंत्र म्हणजे लोखंड. कोणाची मागणी आधी आणि कोणाची नंतर, कोणाला जागा किती, कोणाचा कागद कोणी पाहावयाचा आणि कोणी पाहावयाचा नाही, हे ठरविणारा एक मूळ प्रोग्राम त्या यंत्रात अखंड जागा असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आता सर्व्हर 'डाऊन' होतो तेव्हा दरवेळी दोष ह्या सिस्टीमचाच असतो असे नव्हे. कधी मधली तार तुटते, कधी वीज जाते, कधी सगळा जिल्हा एकाच दिवशी दारात येऊन उभा राहतो. परंतु दारात इतकी माणसे उभी असतानाही एरवी काम चालते, ते मात्र तिच्याच जोरावर.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या संगणकांची तऱ्हा अशी होती: आपले गणित भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवावयाचे, तो गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि घरी जावयाचे. आत ऑपरेटर एकामागून एक गठ्ठे यंत्राला चारीत असे. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील उत्तर मिळे. कुठे एक स्वल्पविराम चुकला असेल तर उत्तराऐवजी चूक झाल्याचा निरोप, की पुन्हा गठ्ठा आणि पुन्हा रांग. म्हणजे आपले केंद्र आणि त्यांची प्रयोगशाळा यांत फारसा फरक नव्हता म्हणायचा! एक मात्र होते: ज्याचा गठ्ठा आत गेला, तो तेवढ्यापुरता सगळ्या यंत्राचा मालक असे. शेजारी नाही, म्हणून शेजाऱ्याशी तंटाही नाही.

ही रीत मोडली ती एमआयटी ह्या अमेरिकन संस्थेत, फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी एका यंत्रावर एकाच वेळी अनेक माणसे बसवून दाखविली. ह्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. युक्ती सांगायला सोपी आहे. टंकयंत्रासारख्या कळफलकापुढे बसलेला माणूस जितका वेळ विचार करतो, तितक्या वेळात यंत्र लाखो हिशेब करू शकते. मग त्याचे डोके खाजवणे चालू असताना दुसऱ्याचे काम उरकावे, क्षणभराने तिसऱ्याचे, आणि फिरून पहिल्याकडे यावे. प्रत्येकाला वाटते, यंत्र माझे एकट्याचेच आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिथे पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने. ज्याच्या त्याच्या हाती दार नाही. सीटीएसएसचे मर्म नेमके हेच आहे. प्रोग्रामला 'बाबा रे, आता पुरे कर' अशी विनंती करून भागत नाही, कारण चुकीचा लिहिलेला प्रोग्राम थांबतच नाही. म्हणून यंत्रात एक घड्याळ बसविले. ठरलेला वेळ झाला की ते सूत्रे काढून घेई आणि मूळ प्रोग्रामच्या हाती देई. शिवाय ह्या मूळ प्रोग्रामची जागा वेगळी राखली, आणि इतर कोणी तिथे पाय टाकला तर यंत्रानेच अडवावे अशी तजवीज केली. घड्याळ आणि कुंपण. पुढे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कितीही सुधारणा झाल्या तरी ह्या दोन गोष्टींचे महत्त्व कमी झाले नाही.

माणसे एकत्र आली की कुलूप आलेच. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून सीटीएसएसने प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, विसरतो आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, तोच हा. मौज अशी की कुलपापाठोपाठ चोरीही आली. ॲलन शेर नावाच्या तरुण संशोधकाला आठवड्याला ४ तास मिळत, ते पुरत नसत. १९६२ साली त्याने सर्वांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये होते ती फाइल छापण्याची विनंती एका पत्त्यावर टोचून दिली, आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केले.

ह्याहून मजेची गोष्ट कॉर्बातोंनी नमूद करून ठेवली आहे. यंत्रावर आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीला दिवसाची एक सूचना दिसे. एका दुपारी त्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले; जो येईल त्याला! कारण काय? फाइल दुरुस्त करणारा प्रोग्राम मध्यंतरी एक कच्ची प्रत काढी आणि तिला दरवेळी एकच ठरलेले नाव देई. व्यवस्थेच्या दप्तरात एका वेळी एकच माणूस बसेल, असा मूळचा नियम होता. पुढे सोय म्हणून तो सैल केला. त्या दिवशी दोघे एकदम बसले, एकाने सूचना उघडली आणि दुसऱ्याने पासवर्डांची फाइल, आणि दोन्ही कच्च्या प्रतींची अदलाबदल झाली. कोणी लबाडी केली नव्हती. एकट्या माणसासाठी केलेली सोय दोघांना पुरली नाही, एवढेच.

ह्या यशाने धीर चढून १९६० च्या दशकाच्या मध्यास एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज ह्या तिघांनी मल्टिक्स नावाचा मोठा संकल्प सोडला. वीज जशी तारेने घरोघर येते, तसा संगणकही सर्वांना पुरवावा, असे त्यांचे स्वप्न होते. कप्प्यात कप्पा अशी फायलींची मांडणी आणि एकाआड एक संरक्षणाची वर्तुळे ह्या कल्पना त्यात होत्या. पण काम लांबत गेले, आणि १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. मल्टिक्स पुढे पुरे झाले, चाललेही. त्याचे शेवटचे यंत्र २००० साली बंद झाले. पण इतिहासाने वळण घेतले ते अंग काढून घेतलेल्यांच्या घरी.

बेल लॅबोरेटरीजच्या मरे हिल येथील कचेरीत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघे मल्टिक्सच्या आठवणीने हळहळत होते. टॉम्प्सनला कोपऱ्यात पडलेले पीडीपी-७ नावाचे एक लहानसे, जुने यंत्र सापडले. १९६९ च्या उन्हाळ्यात त्याची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियात गेली. माहेरी नव्हे बरं का, सासरी, आजी-आजोबांना नातू दाखवायला! तेवढ्या तीन-चार आठवड्यांत टॉम्प्सनने एका नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सांगाडा उभा केला. मल्टिक्समधल्या 'मल्टी'चा अर्थ अनेक, म्हणून हिचे नाव थट्टेने 'युनि', म्हणजे एक, यावरून युनिक्स पडले.

युनिक्सला अन्न लागले ते मात्र एका अगदी कारकुनी कामाचे. नवे यंत्र हवे, तर वरिष्ठांना कारण काय सांगणार? कागदपत्रे तयार करण्याची सोय करून देतो, असे सांगून १९७० साली पीडीपी-११ हे यंत्र मिळविले. बेलच्या पेटंट विभागातल्या टंकलेखक त्यावर अर्ज टाइप करू लागल्या. यंत्राची सगळी स्मृती २४ किलोबाइट, आणि तबकडी अर्ध्या मेगाबाइटची. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्या तबकडीत मावावयाचा नाही. आणि कुंपण? ते ह्या यंत्रात नव्हतेच. म्हणजे एका बाजूला टंकलेखकांचे दिवसभराचे काम चालू, आणि त्याच यंत्रावर टॉम्प्सन-रिची आपले नवे, कच्चे प्रोग्राम तपासून पाहणार. त्यातला एक जरी बिघडला की सगळे यंत्र ठप्प. रिचीने पुढे लिहून ठेवले आहे की प्रत्येक चाचणी जपून आणि छाती घट्ट करून करावी लागे. मला वाटते, युनिक्सला शिस्त लागली ती इथे. प्रयोगशाळेत चूक झाली तर संशोधक खांदे उडवतो. इथे शेजारच्या खोलीतल्या बाईचे पान वाया जात होते, आणि ती उठून विचारायला येऊ शकत होती.

युनिक्सची एक खुबी शेतकऱ्याला चटकन कळेल. मोटेचे पाणी थारोळ्यात, थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात जाते; प्रत्येकाचे काम लहान आणि ठरलेले. डग मॅकिल्रॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली युनिक्समध्ये तशीच नळी आली: एका लहान प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडी जावयाचे. त्याच वर्षी रिचीने घडविलेल्या सी ह्या भाषेत सिस्टीमचा गाभा नव्याने लिहिला गेला. तोवर ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा एकेका यंत्राच्याच बोलीत लिहीत. यंत्र बदलले की सगळे पाण्यात. सी भाषेमुळे ती एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर लावता येऊ लागली.

आता कायद्याचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे काही घडले नसते. बेल लॅबोरेटरीज ही एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीची संस्था. टेलिफोनची जवळजवळ सगळी मक्तेदारी ह्या कंपनीकडे होती. १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीत तिने मान्य केले होते की टेलिफोनसारख्या दळणवळणाबाहेरचा धंदा करणार नाही. म्हणजे युनिक्स हाती होते, पण ते बाजारात मांडता येत नव्हते. टॉम्प्सन आणि रिची यांचा लेख १९७४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा विद्यापीठांकडून मागणी आली, आणि कंपनीने ते थोड्याशा शुल्कात, मूळ लिखाणासकट देऊन टाकले. हे 'लिखाणासकट' महत्त्वाचे. प्रोग्रामचे मूळ लिखाण हाती असले की तो वाचता येतो, त्यातली चूक काढता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो. ते नसले तर तो बंद डबा.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढची गोष्ट मुद्दाम आपल्यासाठी. ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. आपल्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायची तर खरी, चालती सिस्टीम ओळ न् ओळ वाचूनच शिकवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. युनिक्सच्या गाभ्याच्या ९ हजारांच्या आसपास ओळी. एका सत्रात वाचून होण्याजोग्या. १९७७ पर्यंत त्यांनी दोन पुस्तिका तयार केल्या: एकीत मूळ लिखाण, दुसरीत त्यावरची टीका. टीका म्हणजे ज्ञानेश्वरीला आपण टीका म्हणतो त्या अर्थाने, दोष काढणे नव्हे. पण युनिक्सला बाहेर किंमत आहे हे कंपनीच्या ध्यानात येऊ लागले होते. १९७९ सालच्या नव्या आवृत्तीच्या करारात अट आली की हे लिखाण वर्गात शिकविण्यासाठी वापरावयाचे नाही. झाले! पुस्तिका उघडपणे मिळेनाशा झाल्या. मग विद्यार्थ्यांनी त्यांच्या छायाप्रती काढल्या, छायाप्रतींच्या छायाप्रती काढल्या, अक्षरे पुसट होईपर्यंत काढल्या. जवळजवळ वीस वर्षे हे दोन-पुस्तकी पाठ्य असे हातोहात फिरत होते. १९९६ साली ते रीतसर छापले गेले. १९९८ च्या डिसेंबरात लायन्स वारले. आपण लिहिलेले पाठ छापील रूपात पाहावयास मिळाले, एवढे त्या शिक्षकाच्या वाट्याला आले.

दरम्यान कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युनिक्सवर जोरात काम चालले होते. बिल जॉय हा तिथला विद्यार्थी त्यात पुढे. १९७९ च्या अखेरीस त्यांच्या आवृत्तीत आभासी स्मृती आली: यंत्राची खरी स्मृती थोडी असली तरी तबकडीचा आधार घेऊन प्रत्येक प्रोग्रामला ऐसपैस जागा मिळाल्याचा भास करून द्यावयाचा. १९८३ साली आलेल्या आवृत्तीत तर संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे टीसीपी-आयपी हे नियम सिस्टीमच्या पोटातच बसविले होते. आजचे इंटरनेट त्याच नियमांनी बोलते. म्हणजे वाढपी पंगतीत उतरला तो इथे. तोवर धनी एकाच इमारतीतले होते. आता ते जगात कुठेही असू शकत होते.

आणि मग २ नोव्हेंबर १९८८ चा तो दिवस. पासवर्ड उघडे लिहून ठेवू नयेत, ते परत न उलगडणाऱ्या रूपात ठेवावेत, अशी सुधारणा युनिक्समध्ये झाली होती. तिच्यावर रॉबर्ट मॉरिस आणि टॉम्प्सन यांनी १९७९ साली लेखही लिहिला होता. त्याच मॉरिसच्या मुलाने, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणारा एक प्रोग्राम सोडला. तो टपाल पोचविणाऱ्या प्रोग्राममधल्या एका मोकळ्या दारातून शिरे. ज्या सेवेने ठरावीक लांबीचाच प्रश्न येईल असे धरले होते, तिला जास्त लांब प्रश्न विचारून शिरे. आणि सोपे पासवर्ड ओळखूनही शिरे. कारण ते न उलगडणाऱ्या रूपात असले तरी ती फाइल वाचायला सगळ्यांना मोकळी होती. एकेका यंत्रावर त्याच्या प्रती इतक्या वाढल्या की यंत्रे गुदमरली. त्यावेळी जाळ्यावर सुमारे ६० हजार यंत्रे होती, त्यांतली ६ हजारांच्या घरात सापडली असावीत, असा अंदाज पुढे बांधला गेला.

घरात चोर शिरल्यावर जसे होते तसे झाले. पासवर्डांची फाइल सर्वांच्या नजरेआड नेण्याची रीत पुढे रूढ झाली. बाहेरच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रामला सगळे अधिकार कशाला, हा प्रश्न ऐरणीवर आला. युनिक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला सगळे दिसते आणि सगळे पुसताही येते. आपल्या जुन्या गावगाड्यात पाटलाकडे हुकूम आणि कुलकर्ण्याकडे दप्तर, अशी विभागणी असे. दोघांत कुरबुरी होत, पण एकट्याने सगळे गिळणे अवघड जाई. रूट म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि जागल्या एकाच अंगरख्यात. ह्या सत्तेचे तुकडे पाडण्याचे काम अजूनही चालू आहे. पुढे ज्या लिनक्सची ओळख करून घ्यायची आहे, त्यात १९९९ मध्ये तिची वाटणी करण्याची सोय आली, आणि २००३ मध्ये प्रत्येक प्रोग्रामला नेमून दिल्याबाहेर हात घालू न देणारी एसई-लिनक्स ही जास्त कडक व्यवस्था.

आता पुन्हा वर्गाकडे येऊ. युनिक्सचे लिखाण शिकविता येईना, तेव्हा ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी नवाच मार्ग काढला. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतःच एक छोटी युनिक्ससारखी सिस्टीम लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकाबरोबर तिचे लिखाण देऊन टाकले. तिचे नाव मिनिक्स. ते पुस्तक हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याच्या हाती पडले. मिनिक्समधल्या उणिवा त्याला टोचू लागल्या, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की आपण हौसेखातर एक नवी सिस्टीम करीत आहोत. तीच लिनक्स. १९९२ साली त्याने ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली. त्याचे सार असे: वापरा, बदला, वाटा, पण बदललेली वस्तू दुसऱ्याला देताना तिचे लिखाणही द्या. सांगायचे म्हणजे, एका कंपनीने वर्गाचे दार लावले, म्हणून दुसऱ्या शिक्षकाने नवा वर्ग बांधला, आणि त्या वर्गातून हा मुलगा निघाला. आज जगातल्या ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतले झाडून सगळे लिनक्सवर चालतात; नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीत दुसरे कोणी नाही. आपल्या खिशातला मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याचाही गाभा लिनक्सच.

पण हौसेने केलेली सिस्टीम एकदम सर्व्हर होत नाही. वीज गेल्यावर काय होते ते पाहा. हे आपल्याला सांगायला नकोच! सिस्टीम एका फाइलचा मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेत आहे. पहिल्या पानावरून खोडले, दुसऱ्यावर अजून चढवायचे आहे, आणि दिवे गेले. पूर्वी अशा वेळी यंत्र परत सुरू झाले की सगळी तबकडी पान न् पान तपासावी लागे. तबकड्या मोठ्या झाल्या तशी ही तपासणी तासन् तास चाले, आणि तोवर सर्व्हर अर्थातच डाऊन. उपाय कोणत्याही दिवाणजीने सांगितला असता: खतावणीला हात लावण्यापूर्वी रोजकीर्दीत नोंद करा. काय करणार ते आधी एका लहान वहीत लिहावयाचे, मग करावयाचे. वीज गेली तर परत आल्यावर ती लहान वही तेवढी पाहायची; अर्धवट नोंद असेल तर पुरी करायची, नाहीतर सोडून द्यायची. आयबीएमच्या एआयएक्स ह्या युनिक्समध्ये ही रीत १९९० साली होती, लिनक्सच्या मूळ लिखाणात ती २००१ मध्ये आली. आपल्या वाण्याला ती त्याच्या आजोबाच्या काळापासून माहीत आहे.

दुसरी अडचण कुलपाची. १९९६ सालच्या लिनक्सला एकाहून अधिक प्रोसेसर वापरता येऊ लागले, पण गाभ्यातल्या वस्तूंना दोन प्रोसेसरांनी एकदम हात लावला तर पासवर्डांच्या त्या दुपारीसारखी अदलाबदल व्हायची. म्हणून गाभ्याला एकच मोठे कुलूप घातले: एक आत, तर बाकीचे बाहेर उभे. वाड्याला एकच किल्ली असावी आणि कोठीघरात जाणाऱ्यासाठी माजघरातल्यानेही थांबावे, तसा हा प्रकार. मग एकेका खोलीला वेगळे कुलूप करीत करीत ते मोठे कुलूप काढून टाकायला २०११ साल उजाडले. पंधरा वर्षे! बाहेरून पाहणाराला ह्यातले काहीही दिसले नाही, आणि दिसले नाही हेच त्या कामाचे यश.

आणि शेवटी वाटणीचा जुनाच प्रश्न. एका प्रोग्रामने सगळी स्मृती खाल्ली तर? लिनक्सचा एक उपाय असा आहे की तो मागेल त्याला जागा कबूल करीत जातो. सगळे एकदम मागणार नाहीत ह्या भरवशावर. भरवसा फसला की कोणत्या तरी जाड प्रोग्रामला मारून टाकतो. मला हा उपाय सावकारी वाटतो, पण चालतो खरा. त्याहून न्यायाचा उपाय २००८ च्या आरंभी लिनक्समध्ये आला: प्रोग्रामांचे गट करावयाचे आणि प्रत्येक गटाला वेळेचा आणि स्मृतीचा हिस्सा बांधून द्यावयाचा. समजा, परीक्षांचे निकाल आणि जमिनीचे उतारे एकाच यंत्रावरून दिले जात असतील, तर निकालाच्या दिवशी मुलांची झुंबड उडाली तरी शेतकऱ्याचा हिस्सा शिल्लक राहावा, अशी व्यवस्था ह्यामुळे करता येते. करता येते म्हणालो. केलेली असतेच असे नाही. ती करणे त्या यंत्राच्या चालकाच्या हातात आहे, आणि केंद्राच्या बाकावर बसलेल्याला ते कळावयास मार्ग नाही. २०१५ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून यंत्र बंद न करता चालत्या गाभ्यालाच ठिगळ लावण्याची सोयही आली. चालत्या मोटेचा नाडा बदलावा तसे हे काम आहे. पण चोरवाट सापडली की ती त्याच रात्री बुजवावी लागते, आणि सकाळची पंगत थांबवून चालत नाही.

एक काम मात्र अजून पुरे झालेले नाही. युनिक्स काळ मोजते ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून. हा आकडा ठेवायला सुरुवातीला जे खाते ठेवले होते, त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच सेकंद मावतात. ते खाते १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला जुन्या हिशेबाचे यंत्र डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. आज जो मुलगा पहिलीत बसतो तो तेव्हा कॉलेजात असेल. मोठ्या सर्व्हरांनी मोठे खाते केव्हाच घेतले. जुन्या पद्धतीच्या लहान यंत्रांसाठीही लिनक्सच्या मूळ लिखाणात २०२० साली दुरुस्ती झाली. राहिली आहेत ती त्याआधी बसविलेली आणि नंतर कोणी न उघडलेली यंत्रे: भिंतीतली, कारखान्यातली, कपाटामागची. ती चालू आहेत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही.